बरंभाऊंनी निवडलेला अ‍ॅम्प्लिफायर

मनातली इच्छा देवापुढे बोलावी, फार तर बायकोपुढे बोलावी. पण संध्याकाळच्या चहाला मेहुणा समोर बसलेला असताना ती कधीही बोलू नये. बरंभाऊंनी नेमकी तीच चूक केली. कप बशीत ठेवता ठेवता ते म्हणाले, "अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा म्हणतोय. आणि तो मी निवडणार. एकटा."

खरं तर यात कुणाला धक्का बसावा असं काही नव्हतं. बरंभाऊंचे थोरले बंधू लहान घरात राहायला गेले, तेव्हा कमरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर आणि एक सीडी प्लेअर यांच्याकडे ठेवून गेले. सीडी प्लेअरमधला बारीक आवाज मोठा करून स्पीकरपर्यंत पोचवणारी मधली पेटी तेवढी त्यांनी आपल्याजवळ ठेवली. का, ते देव जाणे. त्यामुळे मुलगाही तयार, मुलगीही तयार, पण बोलणी करायला मध्यस्थच नाही, अशी त्या सामानाची गत झाली होती. बायकोने स्पीकरवर एकेक कुंडी ठेवली आणि विषय संपवला.

विषय संपला नव्हता. कारण बरंभाऊंच्या मनाला निराळीच टोचणी लागली होती.

बरंभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. समोरच्याने काहीही सुचवलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द 'बरं' निघे, म्हणून घरात, ऑफिसात आणि इमारतीत सगळीकडे हेच नाव पडलं होतं. त्या एका शब्दावर त्यांचं अर्धं आयुष्य सुखात गेलं होतं. सोफा थोरल्या वहिनींनी पसंत केला, बरं. भिंतींचा पिस्ता रंग रंगाऱ्याने ठरवला, कारण आधीच्या घरचा तोच उरला होता, बरं. चष्म्याची फ्रेम बायकोने निवडली, चपला चपलांच्या दुकानदाराने. बायकोसुद्धा आईनेच पसंत केलेली. ती निवड उत्तम निघाली हे ते मनोमन मानत, पण तिचं श्रेय आपल्याकडे नाही हेही त्यांना ठाऊक होतं. आता पन्नाशी उलटल्यावर त्यांना एकाएकी वाटू लागलं होतं की, वर गेल्यावर देवाने विचारलं, 'अरे, तुला बुद्धी दिली होती, तिने काय निवडलंस?' तर बोट दाखवायला एखादी तरी वस्तू असावी.

म्हणून ते 'एकटा' म्हणाले. मेहुण्याने तो शब्द बिस्किटाबरोबर चहात बुडवून खाऊन टाकला.

"शंभर वॅटच्या खाली जाऊ नका, दाजी," तो म्हणाला. "आणि काटे असलेला घ्या. गाणं लागलं की काटे हलतात. घरात आलेल्या माणसाला कळलं पाहिजे की काहीतरी चाललंय."

"पण मी एकटा..."

"एकटेच निवडा की. मी फक्त बरोबर येतो."

मेहुणा जिना उतरून गेला तो थेट घरी गेला नाही. तळमजल्यावर निवृत्त इंजिनिअर राहत. त्यांच्या दारातून कोणतीही बातमी आत गेली की ती दुरुस्त होऊनच बाहेर पडे. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते चष्मा कपाळावर चढवून वर आले आणि बरंभाऊ दाढी करत असताना आरशात त्यांच्या खांद्यामागे दिसू लागले. वॅट वगैरे विसरा, म्हणाले. आधी मला एवढं सांगा की घेताय तो एकत्र की विभक्त?

बरंभाऊंच्या हातातला वस्तरा थांबला. मग इंजिनिअरांनी उलगडून सांगितलं. आवाज सांभाळणारं यंत्र आणि आवाज वाढवणारं यंत्र अशी दोन असतात. दोन्ही एकाच पेटीत नांदत असली तर तिला इंटिग्रेटेड म्हणतात. त्यांचा स्वतःचा कल विभक्ताकडे होता. "एका पेटीत कोंडलं की एकाच्या तापाची दुसऱ्याला झळ. वेगळे ठेवा, गोडी राहते," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. त्यांची तिन्ही मुलं वेगळी राहत होती. बरंभाऊंनी नम्रपणे सांगितलं की जागा एकाच पेटीपुरती आहे. इंजिनिअरांनी सुस्कारा टाकून ते मान्य केलं, पण स्पीकर किती ओहमचे आहेत ते पाहिल्याशिवाय आपण हलणार नाही असं जाहीर केलं.

ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. ते मागच्या बाजूच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. चिठ्ठी वाचण्यासाठी स्पीकर फिरवायला हवा, फिरवण्याआधी कुंडी उतरवायला हवी. हा क्रम दोघा पुरुषांपैकी एकाच्याही लक्षात आला नाही. कुंडी आधी बरंभाऊंच्या पायावर आणि मग जमिनीवर उतरली. चिठ्ठीवरची अक्षरं कधीच पुसून गेलेली निघाली. बायको केरसुणी घेऊन आली, माती गोळा केली, आणि कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाली की झाडाने काय पाप केलं होतं. इंजिनिअरांनी मात्र खालून मीटर आणून स्पीकरची पाठ उघडली. मग पुढचा आठवडाभर घरातली माणसं त्या उघड्या स्पीकरला वळसा घालून जेवायला बसत होती.

अखेर बरंभाऊ ऑफिसातून परस्पर दुकानात गेले. एकटे. दुकानदाराची ऐकण्याची खोली आतल्या बाजूला होती. दाराशी चपला काढायच्या, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या, मधोमध एकच खुर्ची. तिच्यात बसताना बरंभाऊंना दातांच्या डॉक्टरची आठवण झाली आणि तोंड आपोआप उघडलं. दुकानदार कुजबुजल्यासारखं बोलत असे. कुणाला नावं ठेवू नयेत. माणूस सज्जन होता, फक्त आवाजाविषयी बोलताना त्याचे डोळे मिटत.

"तुम्हाला आवाज कसा आवडतो? उबदार, की स्वच्छ?"

बरंभाऊंनी प्रामाणिकपणे विचार केला. "धुतलेल्या पांघरुणासारखा," ते म्हणाले.

दुकानदाराने डोळे उघडले आणि अत्यंत आदराने त्यांच्याकडे पाहिलं. असं गिऱ्हाईक त्याला फार दिवसांत भेटलं नव्हतं. त्याने दोन यंत्रं काढली. एक काळं, ठेंगणं, समोर एकच मोठं गोल बटण असलेलं. दुसरं चंदेरी, काट्यांचं. दोन्ही लावून दाखवली. पण ऐकताना तो बरंभाऊंच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर उभा राहून विचारी, "ती मोकळी जागा ऐकलीत? दोन सुरांच्या मधली?" कुणी एवढ्या जवळून तोंडाकडे पाहत असलं की माणसाला सूर तर नाहीच, स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. बरंभाऊ दर वेळी 'बरं' म्हणत राहिले. शेवटी दुकानदारालाच त्यांची दया आली. दोन्ही घरी न्या, म्हणाला, रविवारी शांतपणे ऐका, नको असेल ते परत आणा. यंत्र माणसाशी जमून चालत नाही, खोलीशी जमावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट त्यांनी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हळूच सांगितली. पाणीपट्टीच्या तक्रारींची खिडकी सांभाळणाऱ्या माणसाने काहीही हळूच सांगू नये. जाळीपलीकडे मीटर उलटा फिरतो अशी तक्रार घेऊन एक गृहस्थ उभे होते. त्यांनी आपला कागद मागे घेतला आणि विचारलं, काळा की चंदेरी? ते स्वतः चंदेरीवाले होते. त्यांच्या मागच्या बाईंच्या दिरांकडे काळा होता आणि त्याने त्यांना कधी दगा दिला नव्हता. रांगेच्या शेपटाकडे तोवर विषयच बदलला होता. हा जो काळा पाइप मिळतो तो गंजत नाही, असं कुणीतरी ठासून सांगत होतं. वरिष्ठ बाहेर आले तेव्हा रांग दोन ठिकाणी दुभंगली होती आणि पाण्याविषयी कुणीच बोलत नव्हतं. त्यांनी बरंभाऊंना केबिनमध्ये बोलावलं. बरंभाऊ समज ऐकायच्या तयारीने गेले. वरिष्ठांनी दार लावून घेतलं आणि एकच सांगितलं की रिमोट असल्याशिवाय घेऊ नका.

शनिवारी दोन खोकी घेऊन ते इमारतीच्या फाटकात उतरले, तर पहारेकऱ्याने अडवलं. आवाज मोठा करणारं कोणतंही यंत्र समितीच्या परवानगीशिवाय आत न्यायचं नाही, असा नियम होता. कधी काळी वरच्या मजल्यावर एका भाडेकरूने ढोलकीचा सराव केला होता. भाडेकरू गेला, नियम राहिला. सेक्रेटरी दुपारची झोप घेत होते आणि त्यांना उठवायचं नाही असाही नियम होता, तो त्यांच्या पत्नीचा. मग बरंभाऊ जिन्याखाली एका खोक्यावर बसून राहिले. येणारा-जाणारा थांबे. एका मुलीने विचारलं, काका, घर सोडताय का? दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की सुनेशी पटत नसेल तरी असं पायरीवर येऊन बसू नये. बरंभाऊंना मुळात सूनच नव्हती. पण ते म्हणाले, "बरं."

झोपेतून उठलेले सेक्रेटरी खाली आले ते नियमांची वही मनात पाठ करूनच. "यंत्राला आमची हरकत नाही," ते म्हणाले. "यंत्राच्या आवाजाला आहे. उद्या समिती येऊन चाचणी घेईल. मगच वापरा."

रविवार असा उगवला. चाचणी आवाज किती मोठा होतो याचीच व्हायची होती. पण समिती आली तशी मेहुणा आला, तळमजल्यावरचे इंजिनिअर न्हाणीघरातला वजनकाटा काखेत मारून आले, आणि चहा मिळतोय असं कळल्यावर ज्यांचा काही संबंध नव्हता तेही आले. इंजिनिअरांनी आल्या आल्या दोन्ही यंत्रं वजन करून काळा जड असल्याचं जाहीर केलं. "जो जड, त्याच्या आत माल. यात ऐकायचं काय राहिलं?" मेहुणा म्हणाला, मग पोतंच लावा ना स्पीकरला. सेक्रेटरींनी दोघांना खाली बसवलं. भिंतीपलीकडे आवाज किती जातो हे पाहायला शेजारच्या वहिनींना त्यांच्याच घरात भिंतीला कान लावून उभं राहायला सांगण्यात आलं. हे काम त्या पूर्वीपासून बिनबोभाट करतच होत्या. आता त्याला समितीची मान्यता मिळाली.

मोठा कोणता यावरून बोलणं चांगला कोणता यावर यायला वेळ लागला नाही. इंजिनिअर म्हणाले, डोळ्यांनी पाहिलं की कान खोटं बोलतात. दोन्ही यंत्रं पडद्याआड हवीत. कपाटातून धुतलेली चादर काढून दोरीवर टाकली. आता चादरीमागे बसून वायरी बदलणार कोण? सगळ्यांनी घरमालकाकडे पाहिलं.

तर मंडळी, ज्याला अ‍ॅम्प्लिफायर निवडायचा होता तो स्पीकरच्या पाठीमागे, चादरीआड, भिंत आणि टेबल यांच्या फटीत उकिडवा बसला होता, आणि ज्यांना घ्यायचा नव्हता ते सगळे सोफ्यावर ऐकत होते. मागच्या बाजूला ऐकू येत होती ती नुसती घुमघुम. काम तर भलतंच किचकट. दर वेळी यंत्र बंद करायचं, स्पीकरच्या वायरींची उघडी टोकं स्क्रूखालून सोडवायची, दुसऱ्याच्या स्क्रूखाली अडकवायची, मग खटका दाबायचा. तांब्याच्या तारेचं एक टोक त्यांच्या नखाखाली शिरलं. "दाजी, लवकर," पलीकडून हाक आली, "मागचा आवाज विसरायला होतो."

बासरीची एकच तबकडी पुन्हा पुन्हा वाजत राहिली. एकदा काळा, एकदा चंदेरी, परत काळा. मग सेक्रेटरींनी खाकरून सांगितलं की आता मतदानासाठी अखेरचं ऐकवा. आधी पहिला, मग दुसरा, आणि कुठला कोणता हे कळू देऊ नका.

बरंभाऊंनी काळा लावून दिला. तो वाजला. त्यांनी बंद केला. मग नखाकडे पाहिलं, स्क्रूकडे पाहिलं, चादरीवर पडलेल्या सगळ्यांच्या सावल्यांकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. आताही फसवायचं मनात नव्हतं. बोटंच पुढे जाईनात. थोडा वेळ जाऊ देऊन त्यांनी तोच खटका पुन्हा दाबला. काळाच पुन्हा वाजू लागला.

चूक लगेच कबूल करावी असं त्यांना वाटलं, आणि ते उठणार इतक्यात पलीकडून इंजिनिअरांचा आवाज आला: "झाला की नाही फरक? पहिल्यात भरदारपणा होता. हा पोकळ आहे, फुंकल्यासारखा." मेहुणा उसळून म्हणाला की बासरी फुंकूनच वाजवतात, आणि आत्ता कुठे ती बासरीसारखी वाजतेय, मघाशी कुणीतरी तिच्यावर उशी ठेवली होती. सेक्रेटरी पहिल्याकडे होते, कारण तो शिस्तीत वाजत होता. त्यांच्या पत्नी दुसऱ्याकडे होत्या. का, ते सांगायची त्यांना गरज वाटली नाही. वहिनी भिंतीपलीकडून ओरडून म्हणाल्या की पहिल्याने कपाट थरथरलं, दुसऱ्याने नाही. बरंभाऊ पुन्हा खाली बसले आणि चादरीआड मनातल्या मनात हसले.

मतं समसमान पडली. खोलीत दोन तट झाले. चहाचे कप दोन वेगवेगळ्या ट्रेमध्ये गोळा होऊ लागले. सेक्रेटरींनी अखेर निकाल दिला की आवाजाला परवानगी आहे, मात्र यंत्र कोणतं ठेवायचं ते पुढच्या बैठकीत बहुमताने ठरेल.

मंडळी पांगली. बरंभाऊ गुडघे चोळत बाहेर आले आणि मोकळ्या खोलीत उभे राहून पहिल्यांदाच चिडून बोलले. बोलले म्हणजे काय, बायकोकडे. माझं घर, माझे स्पीकर, म्हणाले, आणि माझा अ‍ॅम्प्लिफायर बैठकीत ठरणार. उद्या मी कुठल्या कुशीवर झोपायचं तेही मतदानाला टाका.

बायको उष्टे कप उचलत होती. ती थांबली. "पण तुम्हाला कुठला आवडला?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आणि बरंभाऊंनी तर स्वस्थ बसून एकही यंत्र ऐकलं नव्हतं.

"बसा समोर," ती म्हणाली. "मी जाते मागे."

पदर खोचून ती चादरीआड गेली. बरंभाऊ सोफ्याच्या मधोमध बसले. हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले. बासरी सुरू झाली. ठीक होती. चांगली होती. पण मनाला भिडली असं म्हणवेना. मग ती थांबली. मागे काहीतरी खुडबुडलं, जरा वेळ गेला, खटका वाजला. बासरी पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी बरंभाऊंच्या अंगावर काटा आला. सूर कसा एकटाच उभा राहिला होता. भोवताली सगळं स्वच्छ, आणि मधे थोडी ऊब. दोन सुरांच्या मधली ती मोकळी जागाही त्यांना दिसली. तिच्यात एक माणूस आरामात बसू शकला असता.

"दुसरा," ते म्हणाले. "यात शंकाच नाही. पहिला त्याच्यापुढे काहीच नाही."

चादरीमागून बायको हळूच म्हणाली, "अहो, मी काही बदललंच नाही. शॉक बसेल अशी भीती वाटली. नुसतं बंद करून चालू केलं."

मघाशी चादरीआडून ज्यांना बरंभाऊ हसले होते, ते सगळे एकेक करून त्यांच्या शेजारी येऊन बसल्यासारखं त्यांना वाटलं.

"आता खरंच बदलू का?" तिने विचारलं. "कुठली वायर कुठे, तेवढं सांगा."

"नको," बरंभाऊ म्हणाले. "निवड झाली. हाच घ्यायचा."

ती मागून बाहेर आली, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गालातच ठेवून कप घेऊन आत गेली. खोटं तिला बोलता येत नसे, पण न विचारलेलं सांगायचीही तिला सवय नव्हती.

सोमवारी त्यांनी चंदेरी यंत्र परत केलं. काळा घरात राहिला, स्पीकरच्या मधोमध. आपण हे एकट्याने केलं, या विचाराने ते दोन दिवस ताठ चालत होते. तिसऱ्या दिवशी बातमी फुटली की काळा ठेवला. संध्याकाळी दार वाजलं.

आधी इंजिनिअर आले. "शेवटी माझंच ऐकलंत ना? पहिला तो काळाच होता. त्या भरदारपणावरूनच मी ओळखलं होतं." पहिला काळाच होता हे खरंच होतं. मागोमाग सेक्रेटरी आले. समितीच्या मार्गदर्शनाखाली योग्य निर्णय झाल्याबद्दल त्यांनी अभिनंदन केलं. मेहुणा आला तो हसतच. "दाजी, दुसरा होता तो काळा ना? मी तुम्हाला सांगत नव्हतो? काटे नसले तरी चालतील, पण आवाज तोच." त्यावर इंजिनिअर म्हणाले, दुसरा नव्हे, पहिला. मेहुणा म्हणाला, शक्य नाही, पहिल्यावर उशी होती. दोघांनी निवाड्यासाठी बरंभाऊंकडे पाहिलं. तोवर वहिनीही आल्या, दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा आले, सेक्रेटरींच्या पत्नी आल्या. आणि हा अ‍ॅम्प्लिफायर आपणच निवडून दिला याविषयी त्या खोलीत कुणाच्याच मनात शंका नव्हती. देवाच्या दरबारातसुद्धा ही सगळी माणसं पुढे सरसावून 'मी, मी' म्हणतील, हे बरंभाऊंना स्पष्ट दिसलं.

एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. मी यंत्र बदललंच नव्हतं. वाक्य जिभेवर आलंसुद्धा. पण त्याच्या शेपटाला धरून दुसरं वाक्य येणार होतं, आणि ते दुसरं वाक्य आतल्या दाराशी हातात ट्रे घेऊन उभं होतं, त्यांच्याकडे पाहत.

बरंभाऊ उठले. तबकडी लावली. मग काळ्यासमोर वाकून त्यांनी ते मोठं गोल बटण धरलं आणि सावकाश उजवीकडे फिरवत गेले, आणखी, आणखी, सेक्रेटरींची भुवई वर जाईपर्यंत आणि त्याच्याही थोडं पुढे.

खोलीभर बासरी झाली. मेहुण्याचे ओठ हलत होते. इंजिनिअर हवेत बोट उभं करून काहीतरी पटवून देत होते. सेक्रेटरी मानेनेच सगळ्याला मान्यता देत होते. एकाचाही शब्द ऐकू येत नव्हता. अ‍ॅम्प्लिफायर माणसं कशासाठी घेतात, हे बरंभाऊंना त्या दिवशी कळलं. ते सोफ्यावर परत आले, बायकोच्या ट्रेमधला पहिला कप उचलला, आणि चहा गरम असतानाच प्यायले.